मुंगी सोडा, कानातले बघा : तैमूरवर रील बनवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

इतिहासाचे रील आणि व्हिडिओ बनवणाऱ्या तमाम मराठी मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, मी कोणी अभ्यासक वगैरे नाही. आमचं पिढीजात सराफी दुकान आहे, मी काउंटरला बसते आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचते, आणि गेली सात-आठ वर्षं का कोण जाणे तैमूरच्या (तोच तैमूरलंग, चौदाव्या शतकातला समरकंदचा) मागे लागलेय. घरातले का म्हणून विचारून विचारून थकले, आता विचारत नाहीत.

तर झालं असं की भाच्याला (सातवीत आहे) शाळेत तीन मिनिटं प्रेरणादायी गोष्ट सांगायची होती, म्हणून त्याने तुमच्यापैकीच कुणाचंतरी एक रील मला पाठवलं आणि विचारलं, आत्या तुझा माणूस आहे ना हा, हे खरंय का? रीलमधे काय, तर लढाई हरलेला तैमूर पडक्या भिंतीआड लपलाय, समोर एक मुंगी दाणा घेऊन भिंत चढतेय, पडतेय, परत चढतेय, असं साठ-सत्तर वेळा झाल्यावर ती एकदाची वर पोचते, मागे बासरी वाजते आणि आपला हिरो उठून जग जिंकायला निघतो. अहो, हीच गोष्ट स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसची म्हणून कोळी घालून आपण शाळेत ऐकली की! किडा बदलला, राजा बदलला, बासरी तीच.

तुमचा दुसरा प्रकार म्हणजे लाल बॅकग्राउंड, कवट्यांचा ढीग आणि घोगरा आवाज, "चंगेज खानाचा वंशज, क्रूरकर्मा तैमूर खान". या एका ओळीत दोन चुका आहेत, तो चंगेजचा वंशज नव्हता आणि तो खान नव्हता. क्रूरकर्मा म्हणा, माझी काही हरकत नाही, दिल्लीत डिसेंबर १३९८ मधे त्याने जे केलं त्यावर पांघरूण घालायला मी बसलेली नाही. पण या दोन चुका साध्यासुध्या नाहीत, त्याची पहिली पस्तीस वर्षं समजायची किल्लीच तिथे आहे आणि नेमकी तीच तुम्ही फेकून देता, म्हणून हे पत्र.

जन्मापासून घेऊ. सगळीकडे ९ एप्रिल १३३६ देतात, समरकंदच्या दक्षिणेला केश नावाचं गाव (आजचं शहरीसब्ज, उझबेकिस्तान) आणि त्याच्याजवळचं एक खेडं. पण इतिहासकारांना ही तारीख फार सोयीची वाटते, कारण इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्याचा शेवटचा खरा राजा अबू सईद १३३५ मधे गेला, आणि एक वंश संपला न संपला तोच दुसरा सूर्य उगवला असं दाखवायला १३३६ बरं पडतं. तो बहुतेक काही वर्षं आधीच जन्मला असावा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे, तसंच हे, फक्त इथे गुरुजींच्या जागी दरबारी लेखक होते.

बाप तरागाय, बरलास टोळीतला, म्हणजे गरीब मेंढपाळ नाही आणि राजाही नाही, आपल्या हिशोबाने एखाद्या वतनदार घराण्याची धाकटी पाती समजा. बरलास मूळचे मंगोल, पण तोवर बोलायला तुर्की, धर्माने मुसलमान आणि आजूबाजूचा लिहिण्या-वाचण्याचा कारभार सगळा फारसीत. चंगेजने आपल्या दुसऱ्या मुलाला, चगताईला, जो मुलुख दिला त्याचेच तोवर दोन तुकडे झाले होते. पूर्वेला मोगलिस्तान, अजून गुरं-घोडी घेऊन फिरणारे, आणि पश्चिमेला समरकंद-बुखाऱ्याकडचे, शहरांची चव लागलेले. पश्चिमवाले पूर्ववाल्यांना "जेते" म्हणायचे, म्हणजे लुटारू, आणि ते यांना संकरित म्हणायचे. एकाच घरातली भांडणं, भाऊबंदकी म्हणजे काय ते मराठी माणसाला मी काय सांगणार.

आता मुख्य मुद्दा. या मुलखात खान ही पदवी फक्त चंगेजच्या रक्ताच्या माणसाला. बाकी कितीही मोठा सरदार असो, तो अमीरच. म्हणून पश्चिमेला कझगान नावाच्या अमीराने १३४६-४७ मधे खरा खान मारला, पण स्वतः गादीवर बसला नाही, चंगेजच्या वंशातलं एक बाहुलं बसवलं आणि मागून कारभार हाकला. सातारची गादी आणि पुण्याचा कारभार ज्यांना माहितीय त्यांना हे एका वाक्यात कळेल, एवढं एक वाक्य जरी व्हिडिओत टाकलंत तरी पुरे. पोरवयातला तैमूर हे बघतच वाढला.

१३५८ मधे कझगानचा खून झाला आणि सगळा बाजार उठला. १३६० ला मोगलिस्तानचा तुघलुघ तैमूर (नाव सारखं आहे, गोंधळू नका, एका व्हिडिओत दोघांचं एकच चित्र लावलंय) मुलुख परत जोडायला फौज घेऊन आला. बरलासांचा मुख्य होता हाजी बेग, तो नदी ओलांडून खोरासानला (इराणच्या बाजूला) पळाला. तैमूर थोडं अंतर त्याच्याबरोबर गेला, मग म्हणाला मी मागे जाऊन आपला मुलुख सांभाळतो, आणि थेट शत्रूच्या सरदारांना नजराणे घेऊन भेटला, परत आला तो केशची जहागिरी घेऊनच! म्हणजे त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी चाल तलवारीची नाहीये, घरातल्याच मोठ्या माणसाची खुर्ची परक्याकडून स्वतःच्या नावावर करून घेणं ही आहे. (काका-पुतण्या असं मनात येईल तुमच्या, पण हाजी बेग सख्खा काका नव्हता, उगाच थंबनेलवर टाकू नका.) गंमत पुढे आहे, मोगल (म्हणजे हे मोगलिस्तानवाले, आपले दिल्लीचे नव्हेत) परतले, हाजी बेग परत आला, तर तैमूरची माणसं त्याला सोडून हाजीकडे गेली आणि हा पण मुकाट मान खाली घालून त्याच हाजीच्या हाताखाली गेला. पुढच्याच वर्षी तुघलुघ परत आला, हाजी परत पळाला आणि खोरासानमधेच मारला गेला, आणि केश परत तैमूरचं. यात मुंगी कुठे दिसते का तुम्हाला? मला तर आमच्या तालुक्यातलं बाजार समितीचं राजकारण दिसतं.

मग तुघलुघने आपल्या मुलाला, इलियास खोजाला, समरकंदला बसवलं, त्याच्याशी तैमूरचं फाटलं आणि हा जाऊन मिळाला हुसेनला. हा हुसेन म्हणजे त्या कझगानचा नातू, तोही परागंदा. त्यांची सोयरीक आधीच झालेली, हुसेनची बहीण उल्जाई तुर्कान तैमूरची बायको. हे नाव लक्षात ठेवा, कारण एकाही मराठी व्हिडिओत मी ते ऐकलेलं नाही.

हे तिघं मूठभर माणसं घेऊन वाळवंटातून भटकत होते. मर्वजवळ (आजच्या तुर्कमेनिस्तानात) माखान इथे एका तुर्कमान सरदाराने तैमूरला आणि उल्जाईला पकडून जवळजवळ दोन महिने गुरांच्या गोठ्यात कोंडून ठेवलं, पिसवा आणि गोचिड्यांमधे. राजघराण्यातली बाई ती, कझगानची नात. सुटल्यावरही नवऱ्याबरोबरच होती.

मग सीस्तानात (इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवर) तैमूरच्या उजव्या पायाला आणि उजव्या हाताला जखमा झाल्या आणि लंग हे नाव कायमचं चिकटलं. त्याचे पदरचे लेखक म्हणतात तिथल्या राजाच्या बाजूने लढताना झाल्या, आणि इब्न अरबशाह, ज्याला लहानपणी दमास्कसहून तैमूरच्या लोकांनी उचलून समरकंदला नेलं, तो म्हणतो मेंढी चोरताना धनगराने बाण मारला. दोघांनाही आपापली कारणं होती. हाडं मात्र खरं बोलली, जून १९४१ मधे सोविएत लोकांनी कबर उघडली तेव्हा उजवा पाय आणि उजवा हात दोन्ही जायबंदी निघाले. कबर उघडली आणि २२ जूनला हिटलरने रशियावर हल्ला केला, कबर उघडली म्हणून शाप लागला, त्या शापावर तुमचे रील मी मोजायचं सोडून दिलंय.

पुढे वख्श नदीवर दगडी पुलाची लढाई. समोर इलियासची मोठी फौज, यांच्याकडे थोडी. तैमूरने थोडी माणसं पुलावर ठेवली, बाकीची रात्री वरच्या अंगाने नदी पार करून डोंगरावर चढवली आणि तिथे जागोजागी शेकोट्या पेटवल्या. समोरच्यांना वाटलं केवढं सैन्य आलं! ते हलले आणि मोडले. पेटत्या मशालींच्या अशा गोष्टी आपण मावळ्यांच्या म्हणून ऐकतच मोठे झालो, तुम्हाला आयता सीन आहे हो, कवट्यांपेक्षा बरा दिसेल.

पण १३६५ च्या मे महिन्यात तो आणि हुसेन सपाटून हरले, आणि हरले ते चिखलात. ताश्कंदजवळ इलियासची फौज आणि यांची समोरासमोर आली आणि असा पाऊस लागला की घोडे पोटापर्यंत रुतायला लागले. दरबारी लेखक म्हणतो मोगलांनी जादूचा खडा वापरून पाऊस पाडला. जादूचं सोडा, पण त्यांनी आपली माणसं आणि घोडी नमद्यांनी (जाड लोकरी कापडाने) झाकून ठेवली होती आणि यांच्या धनुष्यांच्या दोऱ्यासकट सगळं भिजलं. तरी तैमूरची बाजू पुढे सरकली, त्याने हुसेनला निरोप धाडला की आत्ता ये, आत्ता आलास तर जिंकलो. हुसेन आला नाही. निरोप्याला उलट बोल लावले, मी काय घाबरलोय का, मला हुकूम देतो का, वगैरे. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं, दोघं नदीपार पळाले आणि समरकंद उघडं पडलं.

आता समरकंद कोणी वाचवलं? सरदारांनी नाही. शहराला तेव्हा धड तटबंदी नव्हती. मौलाना जादा म्हणून मदरशातला एक विद्यार्थी, अबू बकर म्हणून एक कापूस पिंजणारा, म्हणजे चक्क पिंजारी, अशांनी गावातली माणसं गोळा केली, गल्ल्या अडवल्या, मोगलांना आत घेऊन चेचलं, त्यातच मोगलांच्या घोड्यांमधे साथ पसरली आणि ते पायी परत गेले. हे झालं आणि मग दोन्ही अमीर परत आले. पुढच्या वसंतात या पुढाऱ्यांना शहराबाहेर कान-इ-गिलच्या मैदानात मानाने बोलावलं, आणि मारलं. एकट्या मौलाना जादाला तैमूरने मधे पडून सोडवलं. कशाला सोडवलं असेल? दया वगैरे मला पटत नाही, गावातला एक तरी माणूस उद्या आपलं नाव चांगलं घेईल एवढा हिशोब त्याला नक्की येत होता. मला विचाराल तर पिंजाऱ्यावर एक आख्खा व्हिडिओ होतो.

आणि आता कानातले, ज्यासाठी मी हे सगळं टाइप करतेय.

समरकंद हातात आल्यावर हुसेन, जो दोघांमधे वरचढ होता, त्याने तैमूरच्या सरदारांवर जबरदस्त कर बसवला. त्या बिचाऱ्यांचं सगळं चिखलात गेलेलं, द्यायला काही नाही. तैमूरने आपल्याजवळचं सगळं काढून त्यांच्या वतीने भरलं आणि तरी कमी पडलं, तेव्हा उल्जाईचे दागिने दिले, त्यात तिचे कानातले होते. हुसेनसमोर ते ठेवले. हुसेनने ओळखले. बहिणीचे आहेत हे त्याला कळलं. आणि त्याने ते ठेवून घेतले.

मी सव्वीस वर्षं काउंटरला बसतेय. मोडीला दागिना येतो तेव्हा माणूस आधी दागिना ठेवत नाही, आधी दुकानात कोण बसलंय ते बघतो. ओळखीचं कोणी असलं तर पाणी पितो आणि भाव विचारून परत जातो. बांगड्या, साखळी निघते लवकर, पण कानातले शेवटी निघतात, कारण ते काढले की बाईकडे बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं. एकदा एक बाई कुड्या घेऊन आली होती आणि तिचा भाऊ योगायोगाने दुकानातच अंगठी बघत होता, त्याने कुड्या बघितल्या, बहिणीकडे बघितलं, स्वतःची अंगठी तिथेच ठेवली, तिच्या कुड्या उचलून तिच्या हातात कोंबल्या आणि एक शब्द न बोलता तिला बाहेर घेऊन गेला. म्हणून मी जेव्हा हे वाचलं ना, की भावाने ओळखले आणि तरी घेतले, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि म्हटलं, गेला हा माणूस. कारण तैमूरच्या सरदारांनी दोघांना बघितलं, एकाने आमच्यासाठी बायकोच्या कानातले काढून दिले आणि दुसऱ्याने सख्ख्या बहिणीचे घेतले. आता सांगा, उद्या तलवार कोणासाठी उपसाल?

आता मान्य, ही गोष्ट ज्यांनी लिहिली ते तैमूरच्याच बाजूचे, निझामुद्दीन शामीला तर त्यानेच लिहायला बसवलं होतं आणि शरफुद्दीन यझदी नंतर नातवाच्या पदरी. रंग चढवला असेल. पण रंग कशावर चढवला ते बघा ना! शौर्यावर नाही, उदारपणावर. आपला राजा कशामुळे मोठा झाला हे सांगताना त्यांना कानातले आठवले.

थोड्याच काळात उल्जाई वारली आणि दोघांमधला धागाच तुटला. नंतर तैमूरने कर्शीचा किल्ला २४३ माणसांनिशी रात्रीत घेतला, आधी खोरासानला निघून गेल्याची हूल देऊन, ते सगळं थरारक आहे पण ते तुम्ही करालच. हुसेनने तिकडे बल्खला (आजच्या अफगाणिस्तानात) किल्ला बांधायला काढला आणि तंबूत राहणाऱ्या सरदारांना वाटायला लागलं हा भिंतीत बसून आपल्याला दाबणार. एकेक जण सरकला. १३७० च्या एप्रिलमधे तैमूरने बल्ख घेतलं. हुसेन एका मिनारात लपला होता, तिथे सापडला. तैमूरने त्याला जीवदान दिलं होतं, म्हणून मारलं नाही. मारलं कैखुसरो नावाच्या सरदाराने, ज्याच्या भावाला हुसेनने मारलं होतं, आणि तैमूर म्हणे रडला. मेव्हणाच तो शेवटी. हात कसे स्वच्छ ठेवायचे याचा क्लासच आहे तो.

आणि मग त्याने काय केलं, तर हुसेनच्या बायकांपैकी सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न केलं. ही कझान खानाची मुलगी, तोच खान ज्याला कझगानने मारलं होतं, म्हणजे चंगेजच्या रक्ताची. तेव्हापासून तैमूर स्वतःला "गुरगान" लावायला लागला, गुरगान म्हणजे जावई. अर्धं जग जिंकलेला माणूस आयुष्यभर नाण्यावर जावई म्हणून मिरवला! आपल्याकडे घरजावयाला काय बोलतात ते आठवून मी एकटीच हसले. गादीवर त्याने सुयुरघतमिश नावाचा चंगेजवंशी खान बसवला, तो १३८८ ला गेला तर त्याचा मुलगा बसवला, आणि स्वतः शेवटपर्यंत अमीरच राहिला. चंगेजचा वंशज असता तर हे सगळं करायची गरजच काय होती? म्हणून म्हणते, ती एक चूक केली की बाकीची गोष्ट निरर्थक होते.

या जावयाचे वंशज आपल्या इथवर आले. बाबर त्याचा खापरपणतूच्याही पुढचा, त्याचं घराणं स्वतःला मोगल नाही तर गुरकानी (हेच गुरगान) म्हणवायचं, शहाजहान स्वतःला दुसरा साहिब-किरान (शुभ ग्रहयोगाचा धनी) म्हणवायचा कारण पहिला तैमूर, आणि भूषण कवी शिवाजी महाराजांचं वर्णन करताना औरंगजेबाला "चकत्ता" म्हणतो, तो चकत्ता म्हणजे हाच चगताई. खुलताबादला जी साधी कबर आहे तिथपर्यंत ही जावयाची साखळी येते.

अजून एक तक्रार. "तैमूर आपल्या आत्मचरित्रात म्हणतो" असं सांगून तुम्ही हिंदुस्तानवर स्वारी का केली ते त्याच्याच तोंडून ऐकवता. ते आत्मचरित्र शहाजहानच्या काळात, म्हणजे तैमूर मेल्यावर सव्वादोनशे वर्षांनी प्रकट झालं, येमेनमधे सापडलं म्हणून. इतिहासकार ते खरं मानत नाहीत. दिल्लीचं सांगायचं तर शामी आणि यझदी आहेतच, तेही काही लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात. आम्ही सोनं घेताना कसोटीवर घासतो, तुम्ही निदान उलटून तरी बघा.

मागच्या वर्षी शहरीसब्जला जाऊन आले. अक सराय महालाच्या दरवाजाचे दोन खांब उरलेत फक्त, ३८ मीटर, मान दुखते, वर निळ्या फरशा अजून आहेत. मधे मोठ्ठी बाग केलीय, सावली नाही, त्यासाठी जुने मोहल्ले पाडले म्हणून २०१६ ला युनेस्कोने धोक्याच्या यादीत टाकलंय. तैमूरच्या पुतळ्यापाशी नवरा-नवरी फोटो काढत होते, आम्हालाही बोलावून फोटोत घेतलं. जवळच बाप तरागायची कबर आहे, त्याच्या पीराच्या शेजारी. नवरीच्या कानात लांब लोलक होते, मी हात लावून बघितले, खोटे होते, पण काम सुरेख.

भाच्याने शाळेत शेवटी मुंगी काढली आणि कानातले सांगितले. बाईंनी विचारलं, तात्पर्य काय? तर म्हणाला, ते आत्याने सांगितलं नाही. दहापैकी सहा मिळाले.

लोभ असावा.
आपली,
काउंटरवरची एक सराफीण